काटोलहून आलेला निरोप

गेल्या अकरा वर्षांत मी पुष्कळ बोलले. बोलणं हा माझा पेशाच. चौतीस वर्षं पांढुर्ण्यात शाळेत शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावरही कोणी माइक पुढे केला तर कधी नको म्हटलं नाही. पण एक गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडली नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. जामसावलीच्या मारुतीपुढे हात जोडून उभी राहिले तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. तिथेही मी गुडघेदुखीचं गाऱ्हाणं घालून परत आले.

तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसानं मला पुरतं बोलूच दिलं नसतं. ‘बाई, तुम्ही? काहीतरीच!’ म्हणाला असता. आमच्या गावात माझं नाव जरा बरं आहे. ते कशामुळे आहे, हेच तर सांगायचं आहे.

आमच्या घरी आता तीन बाया. मी, माझी सून वैशाली आणि नात मिनू. प्रशांत, माझा मुलगा, तिगावच्या रस्त्यावर मोटरसायकल घसरून गेला, त्याला तेरा वर्षं झाली. तेव्हा मिनू पाच वर्षांची होती आणि वैशाली अठ्ठावीसची. हे — म्हणजे माझे यजमान — तीन वर्षांपूर्वी गेले. सौसरच्या रस्त्याला आमची संत्र्याची बाग आहे, ती आता ठेक्यानं दिली आहे. एवढंच आमचं घर.

प्रशांत गेल्यावर मी सुनेला कुंकू पुसायला लावलं नाही. रंगीत साड्या नेसायला लावल्या. माहेरी पाठवली नाही, शिवणाच्या क्लासला घातली. लोक म्हणाले, बाई पुढारलेल्या आहेत. मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला सांगू? खूप आवडायचं. पांढुर्णा मध्य प्रदेशात, म्हणून वर्गात आमचं पुस्तक हिंदी, त्यात ‘स्वतंत्रता’ नावाचा धडा, आणि तो मी मराठीत असा काही रंगवून सांगायचे की मागच्या बाकावरची पोरंही गप्प बसायची. माणसाला निवडता आलं पाहिजे, नुसतं जगणं म्हणजे काही नाही — असं मी म्हणायचे. फळ्यावर लिहायचे. त्याच हातानं मी पुढे जे केलं ते केलं.

पण थांबा. तिथवर यायला मला जरा वेळ लागेल.

दोन वर्षं गेली आणि दिवाळीनंतर वैशालीचा भाऊ एक स्थळ घेऊन आला. माणूस काटोलचा, एका शाळेत प्रयोगशाळेचं काम बघायचा. बायको आजारपणात गेलेली, मूल नव्हतं. नाव मुकुंद. भाऊ आमच्यासमोर इतका भीत भीत बोलला की मलाच त्याची कीव आली. मी म्हटलं, अरे, यात घाबरायचं काय? तिचं वय काय, आयुष्य केवढं पडलंय. निर्णय तिचा. भावानं माझ्या पायाला हात लावला. हे मात्र अडकित्ता घेऊन सुपारी कातरत बसले.

मी ते मनापासून बोलले होते का? हो, तेव्हा मनापासूनच. कारण तेव्हा ती जाईल असं मला वाटलंच नव्हतं.

दोघांची गाठ जामसावलीला घालून दिली. दर्शनाच्या निमित्तानं. आमच्याकडे पुष्कळ जुळवाजुळवी तिथेच होते, देवही बघतो आणि माणसंही. मी मिनूला घेऊन प्रसादाच्या दुकानाशी थांबले, ती दोघं पलीकडे बाकावर बसून अर्धा तास बोलली. परत येताना वैशाली मिनूच्याच गोष्टी बोलत होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर कपडे धुताना ती गुणगुणत होती. कसलं गाणं ते कळत नव्हतं, नुसता सूर होता. दोन वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. मी खिडकी लावून घेतली.

मला आनंद व्हायला हवा होता ना? तुम्हीही हेच म्हणाल. मीही स्वतःला तेच म्हटलं. पण मला दिसत होतं ते एवढंच, की ही जाईल, आणि हिच्याबरोबर मिनू जाईल. मिनूचं नाक प्रशांतचं आहे. हसताना डावी भुवई वर जाते, तीही त्याचीच.

मग आठ दिवसांत काटोलहून दुसरी बातमी आली. मुकुंदच्या आईचं म्हणणं, सून पसंत आहे पण पोरगी आजी-आजोबांकडेच राहू दे. दुसऱ्याचं मूल घरात नको. वैशालीनं भावाला फोनवर सरळ सांगितलं, ‘पोरगी नाही तं मी बी नाही.’ मी बाजूलाच मेथी निवडत होते. मला त्या म्हातारीचा इतका आनंद झाला की हातातली काडी तशीच राहिली.

पण भाऊ सोडेना. तो म्हणे, काटोल काय दूर आहे, शनिवारी येत जा, रविवारी जात जा, आजी-आजोबा पोरीला जीव लावतात, पुढे म्हातारीचं मन वळेल. रोज फोन. आणि वैशाली डळमळायला लागली. मला ते दिसत होतं. ती मिनूची वेणी घालायची आणि घालता घालता मध्येच थांबायची.

इथे मला आमच्या बागेचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. संत्र्याच्या झाडाला आंबिया बहार धरायचा तर डिसेंबरात त्याचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. महिना-दीड महिना झाड तहानेलं ठेवायचं. पानं मलूल होतात, काही गळतात. मग जानेवारीत पाणी सोडलं की झाड अंगभर फुलतं. बघणाऱ्याला वाटतं, झाड आपणहून फुललं. शेतकऱ्यानं काय केलं? काहीच नाही, नुसतं पाणी दिलं नाही.

मीही काही केलं नाही. कधी आवाज चढवला नाही, जाऊ नको म्हटलं नाही. फक्त जेवताना बोलणं कमी केलं. कपाटाच्या किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या आणि म्हटलं, जाशील तेव्हा परत दे, तोवर तूच बघ. मिनूचे तोकडे झालेले फ्रॉक काढून तिच्यासमोर एकेक घडी घालून ठेवले. प्रशांतचा फोटो पुसायला घेतला की मुद्दाम ती खोलीत असताना घेतला. रक्तदाब वाढला म्हणून दोनदा शाळेतून रजा काढली, वाढला नव्हता. आणि रोज, अगदी रोज, तिला सांगत राहिले — मनात काही आणू नकोस गं, आमचं काय, आमचं झालं जगून. तुझी मर्जी.

यांनी हे सगळं पाहिलं. एकदा बागेतून आले, पाय धुतले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘तू तिले ताण देऊन राहिली.’ मी म्हटलं, काहीतरीच काय. ते म्हणाले, ‘झाडाले मी बी देतो. पन रोज जाऊन पाहतो, किती सोसून राहिलं ते. जास्त झालं का झाड वाळते.’ मी त्यांना चहा दिला आणि विषय बदलला.

एवढंच असतं तरी मी हे सांगायला बसले नसते. सासवा याहून वाईट वागतात, आणि असल्या गोष्टी धुणं वाळत घालताना एकमेकींना सांगून मोकळ्याही होतात. माझं वेगळं आहे.

संक्रांतीचा दुसरा दिवस होता. दुपारचे दोन-अडीच. मी रजेवर, त्या खोट्या रक्तदाबाच्या. मिनू शाळेत, वैशाली क्लासला, हे बागेत पाणी सोडायला गेलेले. दार वाजलं म्हणून उघडलं तर मुकुंद उभा. एकटा. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात एक पिशवी. मी त्याला आत घेतलं, पाणी दिलं, चहा ठेवला.

तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. म्हणाला, ‘बाई, माह्या आईशी बोललो मी. चार दिवस आमच्या घरी कोनी धड जेवलं नाही. पन झालं आता. पोरगी सोबतच येईन. आईच म्हनली, घेऊन ये तिले. मागची खोली रंगवून घेतली मी, पिवळी.’ मग जरासा हसला. ‘तिले पिवळा आवडते, असं वैशालीजी म्हनल्या होत्या.’

मी विचारलं, हे वैशालीच्या भावाला सांगितलंत? तो म्हणाला, नाही. ‘त्यायनं घाईच केली असती. तुमी घरच्या मोठ्या. पोरगी तुमच्या घरातून जाईन. पहिले तुमाले सांगनं बरोबर वाटलं.’

बघा, किती सरळ माणूस. त्याच्याकडे वैशालीचा नंबर होता. फोन केला असता तर काम एका मिनिटाचं होतं. पण आमच्याकडची रीत त्याला ठाऊक होती — मूल ज्या घरचं, त्या घराला आधी विचारायचं. वैशालीला नाही, मला विचारायला तो गाडी बदलून आला होता. मी मान राखण्याजोगी बाई आहे असं समजून आला होता.

आणि मी काय बोलले? मला शब्दन्‌शब्द आठवतो, कारण ते वाक्य मी वर्गातल्यासारखं बोलले. मी म्हटलं, ‘फार चांगलं केलंत. पण आता दोन-चार दिवस तिला फोन करू नका, तिच्या भावालाही काही सांगू नका. आधीच सगळ्यांनी तिच्यावर फार दबाव आणलाय. तुमचा निरोप मी तिला नीट सांगते. मग तिचं तिला ठरवू द्या. निर्णय तिचा असला पाहिजे, मोकळ्या मनानं.’

त्याचे डोळे भरून आले. तो म्हणाला, ‘बरोबर हाये तुमचं. अशी सासू कोनाले भेटत नाही.’

मी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. रीतीप्रमाणे गोड बोलायला सांगितलं. जाताना त्यानं पिशवीतून चोवीस रंगांच्या स्केचपेनांचा डबा काढून टेबलावर ठेवला, मिनूसाठी. मी दारात उभी राहून तो कोपऱ्यावर वळेपर्यंत बघितलं. मग आत आले, त्याची कपबशी धुतली, पुसली, मांडणीवर जागेवर ठेवली.

तेव्हा मी ठरवलं होतं का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय. कपबशी धुताना माझ्या मनात काय होतं? मला वाटतं, मी अजून ठरवलं नव्हतं. संध्याकाळी सांगू, जेवण झाल्यावर सांगू, असं काहीतरी चाललं होतं. पण मग कपबशी कोणाला दिसायच्या आत का धुतली? इतर दिवशी तर मी ती मोरीतच ठेवते. म्हणजे हाताला आधीच माहीत होतं. किंवा मलाच माहीत होतं, आणि आता हातावर ढकलते आहे. होय, तसंच आहे.

संध्याकाळी मिनूनं डबा पाहिला. ‘आजी, हे कोनाचं?’ मी म्हटलं, तुझं, मी आणलं. ती माझ्या गळ्यात पडली.

यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी आठ दिवस बाजारात गेले नव्हते, ते त्यांना माहीत होतं. ‘कोन आलं होतं?’ मी म्हटलं, शाळेतले एक सर. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पुढे आठ वर्षं जगले, पण त्या दिवसाबद्दल एक शब्द काढला नाही. त्यांना कळलं असेल का? मला वाटतं, कळलं असावं. त्यांनी मला खरं सांगायला वाव दिला होता, आणि मी तो घेतला नाही.

तीन दिवसांनी, रविवारी दुपारी, मी सगळ्यांना बसवलं. भावालाही बोलावलं. मी वैशालीला म्हटलं, बाई गं, आज काय ते ठरव. एकीकडे काटोल आहे, संसार आहे, मिनू आमच्याकडे सुखात राहील, तू येत-जात राहा. दुसरीकडे हे घर आहे, आणि मिनू तुझ्याजवळ. आम्ही दोन्हीला राजी. कोणाचं तोंड बघू नकोस. निर्णय तुझा.

तुमच्या लक्षात आलं ना? तिसरी वाट तिच्यासमोर मी ठेवलीच नाही. आणि ज्या दोन ठेवल्या त्या दोन्हींत मिनू माझ्याकडेच होती. ती काहीही निवडो, मी हरणार नव्हते. आणि याला मी निवड म्हटलं. चारचौघांत, गंभीर चेहऱ्यानं.

वैशाली बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, ‘आई, मी नाही जात. माह्या पोरीले टाकून मले संसार नाही पाहिजे.’ भाऊ डोळे पुसायला लागला. मी तिला जवळ घेतलं. ती माझ्या खांद्यावर रडली, आणि मीही रडले, आणि ते रडणं खरं होतं. हे तुम्हाला कसं पटवू? मला पटवायचंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून मुकुंदला फोन केला. म्हटलं, ती नाही म्हणाली. मग त्यानं विचारलं, ‘बाई, मी म्हटलं होतं ते सांगितलं ना तुमी तिले? पोरगी सोबत येईन म्हनून?’

तेव्हासुद्धा वेळ होती. एक शब्द ‘नाही’ म्हटलं असतं तर सगळं सुटलं असतं. थोडी लाज वाटली असती, थोडे दिवस लोक बोलले असते.

मी ‘हो’ म्हटलं.

तो म्हणाला, ‘मंग ठीक आहे. तिची मर्जी.’ आणि आवाज सारखा करून म्हणाला, मी आलो होतो ते बाकी कोणाला सांगू नका, उगाच तिला अवघडल्यासारखं होईल. मी त्यालाही बरं म्हटलं. पुढच्या महिन्यात बागेकडून वारा आला की सगळ्या घरात फुलांचा वास भरायचा. त्या वर्षी बहार चांगला धरला होता.

दोन वर्षांनी वैशालीचा भाऊ सांगत आला, मुकुंदचं लग्न झालं, मोर्शीकडची मुलगी. वैशाली भाकरी थापत होती. ‘झालं ना, चांगलं झालं,’ म्हणाली. मग भाकरी उलटता उलटता म्हणाली, ‘त्यायले माही पोरगी नको होती, नाहीतं...’ आणि थांबली. तो ‘नाहीतर’ तिनं पुरा केला नाही, आणि पुन्हा कधी तिच्या तोंडून निघाला नाही. पण मी तो रोज ऐकते.

म्हणजे मी दोन माणसांना एकमेकांविषयी खोटं शिकवलं. तिला वाटतं, त्याला मूल नको होतं. त्याला वाटत असेल, मूल घेऊन ये म्हटलं तरी तिला तो नको होता. दोघंही आपापल्या जागी मानानं वागली, आणि दोघांच्या मध्ये मी ‘हो’ म्हणून बसले आहे.

पुढे सौसरच्या एका महिला मंडळानं हळदीकुंकवाला मला बोलावलं. विषय होता, बाईचा निर्णय. मी अर्धा तास बोलले. आमच्या घरचं उदाहरण दिलं. म्हटलं, मी सुनेला थांबवलं नाही आणि ढकललंही नाही, मी फक्त विचारलं. बायांनी टाळ्या वाजवल्या. वैशाली पहिल्या रांगेत बसली होती. तिनंही वाजवल्या. घरी येताना बसमध्ये माझा हात धरून म्हणाली, ‘आई, आमच्या मायनं बी मले कधी असं विचारलं नव्हतं. लगन बी बाबानंच ठरवलं होतं. जिंदगीत एकच फैसला मी माह्या मर्जीनं केला, तो तुमच्यामुळं.’

मला सांगा, यानंतर मी तिला काय सांगणार होते? सांगितलं तर तो एक फैसलाही तिच्याकडून जातो. असं मी अनेक वर्षं स्वतःला समजावलं, की आता न सांगणं हेच तिच्या भल्याचं. पण हेही मीच ठरवलं की नाही? काय ऐकायचं, काय नाही, हे तिला कुठे विचारलं? पहिल्या वेळी केलं तेच मी रोज सकाळी उठून पुन्हा करते आहे. त्याला भलेपणाचं नाव देऊन.

इथे मी थांबले असते. पण या उन्हाळ्यात जे झालं ते राहिलं आहे.

मिनू आता अठरा वर्षांची. ती चित्रं काढते. त्या डब्यानं सुरुवात झाली, पेनं कधीच सुकली, पण डबा तिनं फेकला नाही. त्यात आता ब्रश ठेवते. कोणी विचारलं की सांगते, माझ्या आजीनं आणला होता, म्हणून मी चित्रकार. या वर्षी तिनं नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजची परीक्षा दिली आणि तिचं नाव लागलं. घरात पेढे आले. मला खरंच आनंद झाला. म्हातारपणी मिनूला जवळ धरून ठेवायची माझी ती जुनी भूक मेली आहे, निदान मला तसं वाटत होतं.

चार दिवसांनी मिनू गप्प झाली. मग एका दुपारी जेवताना म्हणाली, ‘मी पांढुर्ण्यातच बी.ए. करते.’ वैशालीनं ताट बाजूला सारलं. तिला समोर बसवलं, आणि कॉलेजचा कागद काढला, होस्टेलचा काढला. शिक्षणाला काय लागेल ते सांगितलं. एकटं राहणं जड जाईल हे सांगितलं. आपल्याला किती एकटं वाटेल तेही लपवलं नाही — ‘मी रडीन, महिनाभर रडीन, पन ते माहं मी पाहून घेईन.’ तिथल्या एका मॅडमशी बोलली होती, त्या काय म्हणाल्या ते जसंच्या तसं सांगितलं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, ‘आजीनं मले जसं विचारलं होतं, तसंच मी तुले विचारून राहिली. फैसला तुहा.’

मी कोपऱ्यात बसले होते. तिनं मुलीपासून काही म्हणजे काही राखून ठेवलं नव्हतं. ती समजत होती, हे आपण आजीकडून शिकलो.

मिनू म्हणाली, ‘आई, तू माह्यासाठी थांबली. तुले लगन करता आलं असतं. तू माह्यासाठी सगळं सोडलं आनि मी तुले सोडून जाऊ? माह्यानं होनार नाही.’

वैशाली म्हणाली, ‘मी माह्या मर्जीनं थांबली.’

‘मंग मी बी माह्या मर्जीनं थांबते.’

त्या वेळी दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मोठी म्हणून, बाई म्हणून. मी काहीतरी बोलावं म्हणून. मला एवढंच म्हणायचं होतं — मिनू, तुझ्या आईला तुझ्यासाठी काही सोडावं लागणार नव्हतं. तुझ्यासाठी काटोलला एक खोली पिवळी रंगवली होती. तो डबा मी आणला नव्हता. तीन वाक्यं होती. मी चौतीस वर्षं वर्ग सांभाळलेली बाई. तीन वाक्यं मला जड नव्हती.

मी म्हटलं, ‘निर्णय तिचा आहे, वैशाली.’

नागपूरचा प्रवेश पक्का कळवायची शेवटची तारीख गेल्या शुक्रवारी होती. त्या दिवशी मिनू सकाळी उठली, तिनं अंगण झाडलं, माझ्या गुडघ्याला तेल लावून दिलं. दुपारी दोघी बी.ए.चा फॉर्म भरून आल्या. पाच वाजता नागपूरचं कॉलेज बंद होण्याची वेळ झाली, तेव्हा मी घड्याळाकडे बघत होते. त्याआधी बोलता आलं असतं. पावणेपाचला आलं असतं. पाचला पाच कमी असतानाही आलं असतं.

मी बोलले नाही. मला कोणी धरून ठेवलं नव्हतं, कोणी धमकावलं नव्हतं. माझ्यासमोर दोन्ही वाटा अगदी उघड्या होत्या, जशा मी वैशालीसमोर कधी ठेवल्या नाहीत. या घरात आजवर खरोखर मोकळ्या मनानं कोणी निवडलं असेल तर ते मी. आणि मी हे निवडलं.

आतून आता वैशालीचा आवाज येतो आहे. ती मला चहाला बोलावते आहे. आलं घातलंय, असं म्हणते. मी जाईन आणि तो पिईन.